घरचे केळे, घरचे पौष्टिक पेय

जळगाव जिल्ह्याची ओळख केळीमुळे आहे. तापीच्या खोऱ्यातील चोपडा, यावल व रावेर या तालुक्यांतून केळीचे घड परराज्यांत जातात. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. परंतु बागेतून मालमोटारी भरून जात असताना त्याच परिसरातील बालकाच्या वाटीत केळे पडतेच असे नाही. आकाराने लहान किंवा अधिक पिकली म्हणून व्यापारी जी फळे नाकारतो, ती पोषणाच्या दृष्टीने उणी नसतात. त्यांचा घरीच उपयोग झाला पाहिजे.

दुधात केळी कुस्करून केलेली शिकरण आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. तिचेच पातळ रूप म्हणजे हे पेय होय. १०० ग्रॅम केळ्यातून सुमारे ९० ते १०० कॅलरी उष्मांक व सुमारे ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम मिळते. मात्र प्रथिने अल्पच असतात. ही उणीव दही व शेंगदाणे भरून काढतात. पपईतून अ व क जीवनसत्त्वे लाभतात.

कृती

दोन पिकलेली केळी व अर्धी वाटी पपई कुस्करावी. त्यात एक वाटी ताजे दही, दोन चमचे भाजलेल्या शेंगदाण्यांचे बारीक कूट आणि अर्धी वाटी उकळून गार केलेले पाणी घालून रवीने घुसळावे. विजेचे यंत्र नसले तरी अडत नाही. फळ पिकताना त्यातील पिष्टाची साखर होते. म्हणून वरून साखर घालू नये. चोथा उपयुक्त असल्याने पेय गाळूही नये.

दक्षता

पेय ताजेच प्यावे. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास कायद्याने बंदी आहे, हे ध्यानी ठेवावे. एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये. मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा. हे पेय भाकरी-वरणाची जागा घेत नाही, त्यास पूरक ठरते.

राज्य शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत पुढे आदिवासी क्षेत्रातील बालकांसाठी अंडी किंवा केळी यांचा समावेश झाला. अंगणवाडीत मिळणाऱ्या या आहारास घरच्या सवयीची जोड हवी. शिक्षक व पंचायत सदस्यांनी माता-पालकांच्या मेळाव्यात याचे प्रात्यक्षिक घडवून आणल्यास बागेतील फळ प्रथम गावातील बालकापर्यंत पोहोचेल.