दहाचं नाणं, चहाचं देणं

देवगाव फाट्यावर सेलू-पाथरीकडची गाडी यायच्या आत चहा घ्यावा आणि दहाचं नाणं पुढे करावं, तर 'हे चालत नाही' किंवा 'फोनवरून टाका' असं ऐकायला मिळू शकतं. चिडलेला उतारू मग नाणं नाकारणं म्हणजे देशद्रोह, असं सुनावतो. यात दोघंही चुकतात.

दहाचं नाणं बंद झालेलं नाही. त्यावर रुपयाचं चिन्ह असो वा नसो, रेघा दहा असोत वा पंधरा, सगळी नाणी खरी. वेगवेगळ्या 14 नमुन्यांची नाणी चलनात आहेत आणि सगळी वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेने 17 जानेवारी 2018 रोजी जाहीर केलं. बँकेच्या शाखेलाही नाणी नाकारता येत नाहीत. तरी अफवा जगते, कारण ठोकवाला घेत नाही म्हणून किरकोळ दुकानदार घेत नाही, आणि तो घेत नाही म्हणून गिऱ्हाईक घेत नाही. पन्नास पैशांचं नाणंसुद्धा अजून वैध आहे. बंद झाली ती 25 पैसे आणि त्याखालची, 30 जून 2011 ला.

म्हणून कुणी थैलीभर चिल्लर ओतून मोठी उधारी फेडू म्हणेल, तर तेही नाही. 2011 च्या नाणे कायद्यानुसार एक रुपया व त्यावरची नाणी 1000 रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी वैध, पन्नास पैशांची फक्त 10 रुपयांपर्यंत. नोटांना या कायद्यातली मर्यादा लागू नाही.

देशद्रोहाची धमकी मात्र पोकळ. रिझर्व्ह बँक कायद्याचं कलम 26 सांगतं की नोट देशात कुठेही देणं भागवायला वैध आहे. ती नाकारणाऱ्याला शिक्षा काय, हे तिथे लिहिलेलं नाही. नाणे कायद्यातही नाही.

खरी गोम 'देणं' या शब्दात. सौदा ठरण्याआधीच 'फक्त ऑनलाइन' अशी पाटी स्पष्ट दिसत असेल, तर ती सौद्याची अट झाली. पटत नसेल तर पुढच्या टपरीवर जावं. पण काही न सांगता चहा पाजला, तर पैसे देणं लागतात, आणि ते फेडायला गिऱ्हाईक रोख पुढे करतो तेव्हा त्याची बाजू भक्कम असते. सुट्ट्यांऐवजी चॉकलेट मात्र कुणी हातावर ठेवू नये. ते कुठल्याच कायद्यात चलन नाही.

सरकारी खिडकीवर रोख चालतेच, हाही भाबडा समज. 1 ऑगस्ट 2023 पासून महावितरणचं बिल लघुदाब ग्राहकाला महिन्याला 5 हजारांपर्यंतच रोखीने भरता येतं. लघुदाब शेतीग्राहकाला 10 हजारांपर्यंत. राष्ट्रीय महामार्गाच्या टोलनाक्यावर फास्टॅग नसेल तर 15 नोव्हेंबर 2025 च्या नियमाने रोखीने दुप्पट टोल ठरला. यूपीआयने सव्वापट. आणि एका माणसाकडून एका दिवसात 2 लाख किंवा जास्त रोख घेणाऱ्या दुकानदाराला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. तिथे रोख नाकारणं हेच कायद्याला धरून.