संध्याकाळी सातनंतरची शाळा

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं तीन हजारांच्या आसपास वस्तीचं गाव आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की टीव्ही बंद, मोबाइल बाजूला आणि मुलं दप्तर उघडून बसणार. साडेआठला तो पुन्हा वाजला की सगळे मोकळे. महिलांच्या सभेत विषय निघाला, सरपंच विजय मोहिते यांनी तो लावून धरला. मग आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. दीड तासाची ही शांतता गावाने अशी दारोदार जाऊन मिळवली.

याचं मूळ करोनाच्या काळात होतं. शाळा बंद, वर्ग मोबाइलवर, म्हणून आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांच्या हाती फोन दिले. शाळा उघडल्या तरी फोन हातातून सुटेना. शिक्षकांना संध्याकाळी घरात शिरता येत नव्हतं आणि एकट्यादुकट्या आईने फोन काढून घेतला तर शेजारच्या घरात मालिका चालूच. त्यामुळे अभ्यासाची वेळ शाळेनेही ठरवली नाही आणि एका घरानेही नाही. ती सगळ्या गावाने मिळून ठरवली. मूल शिकवण्याची जबाबदारी कुणाची, या जुन्या प्रश्नाचं हे एक ताजं उत्तर आहे.

शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न वेगळ्याच तोंडाने उभा होता. मूल शाळेत यायलाच तयार नव्हतं, कारण घराला त्याचे हात हवे होते. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदा संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात तोच मार्ग धरला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठरवला. त्या काळच्या मजुराला रुपया ही लहान रक्कम नव्हती. आईबापांना समजावून भागणार नाही, धाक हवाच, असं तेव्हाच्या सुधारकांना वाटणं समजण्यासारखं आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मात्र दंडाचा विचार केला नाही. १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम करताना त्यांना दिसलं, की वारली मुलं शाळेत येत नाहीत याला आईबापांचा आडमुठेपणा कारण नाही. कुणाच्या कडेवर धाकटं भावंड होतं, कुणामागे गुरं होती. मग शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली आणि गुराख्यांसाठी कुरणात भरली. आज गावोगावची अंगणवाडी त्याच विचाराची वारस आहे. घर जसं आहे तसं मान्य करून शाळेने आपली वेळ आणि जागा बदलायची, ही त्या दोघींची शिकवण पुढच्या काळात सरकारी शाळांनी फारशी उचलली नाही, याचं वाईट वाटतं.

नंतरच्या दोन-तीन पिढ्यांत एक अलिखित वाटणी झाली. मुलाला गुरुजींच्या हवाली करायचं, मार द्यायचा की माया करायची ते गुरुजींनी ठरवायचं. आईबापांनी प्रगतिपुस्तकावर सही करायची, ती येत नसेल तर अंगठा उठवायचा.

कायद्याने ही वाटणी मोडली. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलाला शिकण्याची संधी देणं हे पालकाचं मूलभूत कर्तव्य ठरवलं. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यातही कलम १० मध्ये ते कर्तव्य आहे, पण कसूर केल्यास शिक्षा नाही. दंडाचा रुपया गेला आणि त्याच्या जागी पालकाला अधिकार मिळाला. सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती हवी, तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या सदस्य महिला हव्यात. सरकारी शाळेत तर शाळेचा विकास आराखडा बनवायचा आणि अनुदान कुठे खर्च होतं ते तपासायचं, हे या समितीचं काम. भाजी विकणारी आई मुख्याध्यापकांना हिशेब विचारू शकते, अशी ही तरतूद.

कागदावर. प्रत्यक्षात बैठक सकाळी अकराला ठेवली, की रोजंदारीवरच्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडते. मग इतिवृत्ताची वही घरी येते आणि ती सही करते. पालक उदासीन आहेत, ही तक्रार शिक्षकांच्या खोलीत सहज ऐकू येते. त्यातल्या किती पालकांना त्यांच्या सोयीची वेळ कधी विचारली गेली?

करोनाने या तक्रारीतला पोकळपणा उघडा पाडला. शिक्षणाच्या स्थितीचा आढावा घेणाऱ्या ‘असर’च्या पाहणीप्रमाणे देशाच्या ग्रामीण भागात शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं. २०२० मध्ये ते ६१.८ टक्क्यांवर गेलं. दोन वर्षांत इतकी वाढ, तीही कमाई आटलेल्या दिवसांत. याला उदासीनता कसं म्हणायचं? तरीही फोन आला म्हणजे शिकवणारा आला असं नव्हे. ज्या घरात कुणी शिकलेलं होतं तिथे मूल तरलं, बाकीच्या घरांत अक्षरओळख पुसट झाली.

त्या अनुभवातून महाराष्ट्रात एक चांगलं काम उभं राहिलं. २०२२ च्या उन्हाळ्यात शिक्षण विभागाने ‘प्रथम’ संस्थेच्या साथीने ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान राबवलं. त्या वर्षी पहिलीत दाखल होणारी मुलं करोनामुळे अंगणवाडीत धड गेलेलीच नव्हती. शाळेच्या आवारात मेळावा भरायचा. नोंदणी झाली की मूल एकेका टेबलापाशी जायचं. कुठे उड्या मारायच्या, कुठे चित्रावर बोलायचं, कुठे वस्तू मोजायच्या. काय जमतं आणि काय नाही, ते विकासपत्रावर नोंदलं जायचं आणि ते पत्र आईच्या हाती मिळायचं. खरी गंमत त्यानंतर सुरू व्हायची. वस्तीतल्या पाच-सहा आयांचा एक गट, त्यांच्यातलीच एक ‘लीडर माता’, आणि आठवड्याला घरी करून घ्यायच्या छोट्या छोट्या कृती. डाळ-तांदूळ निवडताना वेगवेगळे ढीग करायला लावणं, चपात्या मोजणं, पानं लहान-मोठी लावणं. जूनमध्ये दुसरा मेळावा, तेव्हा मूल किती पुढे सरकलं ते दिसायचं.

ही रचना नीट पाहण्यासारखी आहे. आईने इंग्रजी शिकवावं किंवा भागाकार समजवावा, अशी मागणी इथे नाही. तिला जे येतं आणि ती रोज जे करते, त्यातच मुलाचं शिकणं बसवलेलं आहे. चौथी शिकलेली आईसुद्धा इथे पूर्ण लायक ठरते.

शहरातल्या अनेक खाजगी शाळांचा प्रवास नेमका उलटा चालला आहे. रात्री नऊला व्हॉट्सॲपच्या गटावर निरोप येतो, उद्या सौरमंडळाची प्रतिकृती आणा. दहा वाजता बाबा स्टेशनरीच्या दुकानाचं शटर वाजवतात, अकराला आई गोळे रंगवते, मूल झोपलेलं असतं. शाळेने करायचं काम घरावर आलं आणि घराला ते पेलेना म्हणून ते क्लासवर गेलं. ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत तर ग्रामीण भारतातही पहिली ते आठवीची ३० टक्क्यांहून अधिक मुलं पैसे भरून शिकवणी घेत असल्याचं दिसलं. घरच्या प्रकल्पाला गुण देणं म्हणजे आईबापांच्या शिक्षणाला, सवडीला आणि खिशाला गुण देणं आहे. ही पद्धत थांबायला हवी.

शुल्काच्या बाबतीत शहरी पालक बोलतात, भांडतातही. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला शुल्कवाढीवर बोलण्याचा हक्क दिला. प्रवेशाच्या प्रश्नावरही तसंच झालं. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळांना शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के राखीव जागांतून सूट दिली, तेव्हा पालक आणि कार्यकर्ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. जुलैमध्ये न्यायालयाने तो बदल रद्द केला.

पण असेही पालक आहेत ज्यांना भांडायलाच काय, घरी राहायलाही सवड नाही. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या उसाच्या फडांवर जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. मूल सोबत नेलं तर ते फडाजवळच्या झोपडीत, कोपीवर राहतं आणि वर्ष बुडतं. मागे ठेवलं तर आजी-आजोबांवर भार. यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आली. मुलांनी नातेवाइकांकडे राहायचं, जेवणाची सोय शाळेच्या गावात करायची. काही ठिकाणी शिक्षक संध्याकाळी उजळणीही घेतात. अशा गावात पालकसभेला नऊवारीतली आजी येते. पाच-सहा महिने तीच पालक असते. तिचं नाव समितीच्या यादीत नसतं, पण कोणत्या मुलाला रात्री खोकला झाला आणि कोण आईच्या आठवणीने जेवला नाही, हे तिला ठाऊक असतं.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर आलेल्या समग्र प्रगतिपुस्तकात शिक्षकांच्या नोंदींबरोबर मुलाचं स्वतःचं, सोबत्यांचं आणि पालकांचंही मत नोंदवायचं आहे. सहीपुरता उरलेला पालक इथे पहिल्यांदाच काही सांगणारा माणूस झाला आहे. तो रकाना शिकलेल्या घरांत भरून येईल, आजीच्या घरातून कोरा परत येईल. तेव्हा बाईंनी तिला दारातून परत न पाठवता समोर बसवावं, ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्यावं, आणि त्यासाठी लागणारा वेळ शिक्षकांच्या वेळापत्रकात धरलेला असावा.