बहिऱ्या घराचे दार

रानातील एकाकी घर, रात्रीची वेळ आणि बाहेर मारेकरी! अशा भयपटांचा आम्हांस मुळातच कंटाळा. किंकाळ्या व रक्त यांपलीकडे त्यांत बहुधा काही नसते. माइक फ्लॅनॅगन यांनी दिग्दर्शित केलेला ‘हश’ हा २०१६ सालचा अमेरिकन चित्रपट मात्र आम्हांस निराळा वाटला.

मॅडी ही लेखिका त्या घरात एकटीच राहते. तेराव्या वर्षी झालेल्या मेंदूच्या आजाराने तिची श्रवणशक्ती आणि वाचा दोन्ही हिरावून नेली आहेत. एके रात्री घायाळ शेजारीण धावत येते, काचेच्या दारावर जिवाच्या आकांताने हात आपटते. आणि काचेच्या आत, चार पावलांवर, मॅडी स्वयंपाकघरात आपले काम करीत असते! तो आक्रोश आपण ऐकतो, ती ऐकत नाही. आम्हांस खुर्चीत खिळवून ठेवले ते या दृश्याने. पुढील रक्तपाताने नव्हे. तो तर अंमळ अधिकच आहे, आणि मुलांनी पाहण्याजोगा मुळीच नाही.

‘मी तुझा चेहरा पाहिलेला नाही, कोणास सांगणार नाही,’ अशा आशयाचे शब्द मॅडी ओठांच्या रंगाने काचेवर लिहिते. मारेकरी शांतपणे मुखवटा उतरवितो. तिची विनवणी तेथेच संपते.

घरात आगीची सूचना देणारी एक कर्णकर्कश घंटा आहे. तिचा कंप मॅडीस जाणवावा व झगझगीत दिवा दिसावा, अशी ती योजना. आरंभी अन्न करपते तेव्हा ती वाजलेली आपण पाहिलेली असते. अखेरीस मॅडी तीच घंटा वाजविते, आणि त्या कल्लोळात गांगरतो तो कान शाबूत असलेला मारेकरी.