वायू वर, घरं खाली

नेदरलँड्सच्या ईशान्येकडील ग्रोनिंगेन प्रांतात, स्लोख्टेरेन गावाजवळ १९५९मध्ये नैसर्गिक वायूचा साठा सापडला. युरोपातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी हा एक. १९६३मध्ये उत्पादन सुरू झालं, देशभरच्या शेगड्या त्यावर पेटल्या आणि सरकारी तिजोरीत अब्जावधींची भर पडली.

हा वायू सुमारे तीन किलोमीटर खोल, वालुकाश्माच्या सूक्ष्म छिद्रांत कोंडलेला होता. तो उपसला की छिद्रांतला दाब घटतो, वरच्या थरांचा भार थेट खडकावर येतो आणि खडक दबतो. जुन्या प्रस्तरभंगांच्या दोन्ही बाजू मात्र सारख्या दबत नाहीत. ताण साचत जातो, मग एके दिवशी भंग सरकतो आणि जमीन हादरते.

१९९१मध्ये या क्षेत्रात पहिला धक्का नोंदला गेला. सर्वांत मोठा बसला १६ ऑगस्ट २०१२ रोजी, हाउझिंगे गावाजवळ, तीव्रता ३.६. आकडा किरकोळ वाटतो, पण केंद्र उथळ होतं, माती मऊ होती आणि विटांची घरं भूकंपाचा विचार न करता बांधलेली होती. वर्षानुवर्षांच्या अशा धक्क्यांनी हजारो घरांच्या भिंतींना तडे गेले.

जानेवारी २०१८मध्ये झेरैप इथे ३.४ तीव्रतेचा धक्का बसला. त्याच वर्षी सरकारनं उत्पादन टप्प्याटप्प्यानं थांबवण्याचं ठरवलं. १ ऑक्टोबर २०२३ रोजी ते थांबलं. २०२४मध्ये कायद्यानं कायमचं बंद झालं.

भूगर्भातला दाब समतोल व्हायला अनेक वर्षं लागतात. तोवर धक्क्यांची शक्यता कायम आहे.