मोठे आतडे काढल्यानंतर

शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे डॉक्टर सांगतात, जखमही भरून येते. तरी रोगी घराबाहेर पडावयास धजत नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिस या विकारात मोठ्या आतड्यास व्रण पडून रक्तमिश्रित जुलाब होतात, आणि औषधे निष्फळ ठरली की मोठे आतडे व गुदाशय काढून टाकावे लागतात. पूर्वी अशा रोग्याच्या पोटावर बहुधा कायमचे छिद्र ठेवून तेथे पिशवी बांधीत. १९७८ साली लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील पार्क्स व निकोल्स यांनी निराळा मार्ग दाखविला. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची आतच थैली करून ती त्यांनी गुदद्वाराशी जोडली.

रोग गेला, पोटावरची पिशवी टळली. परंतु काहींचा शौचावरील ताबा सुटतो, विशेषतः रात्री. याची कारणे शरीरातच आहेत. मळातील पाणी शोषणारे मोठे आतडे उरलेले नसते, म्हणून मळ पातळ असतो. शस्त्रक्रियेत गुदद्वाराचे स्नायू ताणले जातात आणि झोपेत ते अधिकच शिथिल होतात. दिवसातून चार ते आठ वेळा शौचास होणे मात्र या स्थितीत स्वाभाविकच होय. पहिल्या वर्षात थैली हळूहळू मोठी होते व त्रास पुष्कळदा आपोआप उणावतो.

उपचारांपूर्वी कारण शोधणे अगत्याचे. ताप, रक्त किंवा एकाएकी वाढलेले जुलाब हे थैलीला सूज आल्याचे लक्षण असू शकते. तेथे प्रतिजैविके लागतात. केवळ मळ पातळ असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने जेवणापूर्वी अर्धा तास घेतलेले लोपेरामाइड आतड्याची गती मंद करते. इसबगोल, भात व केळे यांनी मळास घट्टपणा येतो. रात्रीचे जेवण लवकर उरकावे. तिखट, कॉफी व मद्य वर्ज्य करून पाहावे. गुदद्वाराचे स्नायू आवळून काही क्षण धरावे व सोडावे. हा व्यायाम रोज, महिनोन्‌महिने चालला तरच गुण येतो. त्वचा साध्या पाण्याने धुऊन, अलगद टिपून, तिला जस्ताचे मलम लावावे.

एवढ्यानेही भागले नाही, तर पुन्हा पोटावर पिशवी स्वीकारण्यात पराभव नाही; तिच्यासह माणूस कामावर जातो, प्रवास करतो. खरी अडचण लाजेची आहे. डॉक्टर विचारीत नाहीत, रोगी सांगत नाही, आणि उपाय असूनही दुःख तसेच राहते. बरे होण्याची सुरुवात पुष्कळदा औषधाने नव्हे, तर सांगण्याने होते.