लेबलावर आधी काय वाचायचं?

पॅनेलच्या दारावर केशरी पट्टीचं लेबल असतं: 480 व्होल्ट, दर चौरस सेंटिमीटरला 8 कॅलरी, अंतर 18 इंच. अमेरिकी कारखान्यांत ते सर्रास दिसतं. वाचणाऱ्याची नजर आधी व्होल्टवर जाते आणि घोटाळा तिथेच होतो.

व्होल्टेज मोठं तितका धोका मोठा, हा हिशोब शॉकपुरता बराचसा खरा. आर्क फ्लॅशचं तसं नाही. शॉर्टसर्किट झाल्यावर हवेतूनच करंट वाहू लागतो, तापमान 19,000 अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतं आणि कशालाही हात न लावलेला माणूस होरपळतो. उष्णता किती, हे मुख्यतः करंटवर आणि ब्रेकर तो किती वेळात तोडतो यावर ठरतं. वेळ दुप्पट, तर उष्णताही दुप्पट. म्हणूनच 480 व्होल्टच्या मुख्य पॅनेलवर कधी कधी 13,800 व्होल्टच्या स्विचगियरपेक्षा मोठा आकडा असतो. कधी फॉल्टचा करंट कमी असल्यामुळेच ब्रेकर उशिरा ट्रिप होतो आणि भाजणं वाढतं.

8 कॅलरी हा आकडा 18 इंचांवरच्या चेहऱ्याचा आणि छातीचा. पॅनेलच्या आत गेलेल्या हातांना याहून कितीतरी जास्त झळ बसते.

लेबलावरची सीमारेषा म्हणजे उष्णता 1.2 कॅलरीवर येते ते अंतर. उघड्या त्वचेला दुसऱ्या श्रेणीची भाजणूक इथून सुरू होते. रेषेबाहेर काहीच होत नाही, असा तिचा अर्थ नव्हे. अंगावरच्या संरक्षक सूटचंही तसंच. 8 कॅलरीचा सूट त्याच्या मानांकनाइतकी उष्णता झेलतो, तेव्हाही आतल्या त्वचेला दुसऱ्या श्रेणीच्या भाजणुकीची शक्यता 50 टक्के धरलेली असते. स्फोटाचा दाब आणि उडणारे धातूचे तुकडे तर या आकड्यात धरलेलेच नसतात. त्यामुळे ‘40 कॅलरीचा सूट आहे, चालू लाइनवर काम करू’ हे म्हणणं जिवाशी खेळणं आहे. एनएफपीए 70ई हे अमेरिकी मानक आधी वीज बंद करायला सांगतं.

लेबल एकदा लावलं की कायमचं, हाही भ्रमच. ट्रान्सफॉर्मर बदलला, ब्रेकरचं सेटिंग हललं, की जुना आकडा खोटा ठरू शकतो. काही बदललं नसलं, तरी दर 5 वर्षांच्या आत तपासणी हवीच.

आणि शटडाऊन मिळाला म्हणून लगेच सूट उतरवायचा नसतो. टेस्टर आधी चालू लाइनवर तपासायचा, मग पॅनेलचा प्रत्येक फेज, मग पुन्हा टेस्टर. तोवर पॅनेल चालूच धरायचं.