आठवणीच्या दागिन्याचा धातू : वैद्याने काय पाहावे?

आष्टी येथील आमच्या चिकित्सालयात मध्यंतरी एक आजीबाई सात महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या. बाळाच्या दोन्ही घोट्यांभोवती लाल, कंडूयुक्त पिटिका उठल्या होत्या. आहार, तेल, साबण सारे विचारून झाले. शेवटी दृष्टी गेली ती पायांतील वाळ्यांकडे. आजीबाईंनी स्वतःच्या लग्नातील तोडे मोडून, बाळाचे नाव कोरून ते घडवून घेतले होते. वाळे उतरवले आणि काही दिवसांत त्वचा निवळली. आजीबाईंचा प्रश्न मात्र उरला, "डॉक्टरसाहेब, चांदी कुठं बाधती का?"

चांदी सहसा बाधत नाही. तिच्यात मिसळलेले बाधते. शुद्ध चांदी मऊ असल्याने तिच्यात तांबे मिसळतात. ९२५ असा अंक असेल तर हजार भागांत ९२५ भाग चांदी समजावी. परंतु कडी, फासा किंवा सांध्याचा जोड पुष्कळदा निराळ्याच धातूचा असतो. 'जर्मन सिल्व्हर'मध्ये तर नावापुरतीही चांदी नसते. ते तांबे, निकेल व जस्त यांचे मिश्रण होय. निकेल घामात विरघळते आणि संवेदनशील त्वचेवर विकार उत्पन्न करते. जुने डाग एकत्र वितळवताना जोडाचे धातूही त्यात उतरतात. त्यात शिसे असल्यास धोका अधिक, कारण बालक हाती येईल ते तोंडात घालते आणि शिशाची रक्तातील कोणतीही मात्रा बालकास निर्धोक मानलेली नाही.

आपल्या शास्त्रास हा विचार नवा नाही. रसरत्नसमुच्चयाने सुवर्ण, रजत, ताम्र व लोह यांना शुद्ध लोहांत, तर नाग व वंग यांना पूतिलोहांत गणले. ग्राह्य सुवर्ण तापविल्यावर रक्तवर्ण, छेदल्यावर श्वेत आणि कसोटीवर केशरी दिसावे, अशी परीक्षा सांगितली. पोटात देण्याच्या धातूचे शोधन-मारण आपण कसोशीने पाहतो. मग वर्षानुवर्षे त्वचेला लागून राहणाऱ्या धातूची चौकशी का करू नये?

सोन्याविषयीही गैरसमज पुष्कळ. २२ कॅरट म्हणजे ९१६ भाग सोने. 'केडीएम' ही शुद्धतेची खूण नव्हे. ते कॅडमियमयुक्त जोडाचे नाव. त्याची वाफ घडविणाऱ्या कारागिराच्या फुफ्फुसांस घातक ठरते. पांढऱ्या सोन्यात काही वेळा निकेल असते. सोन्याचे हॉलमार्क १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांची एचयूआयडी खूण आवश्यक ठरली. मात्र दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्यांना यातून सूट आहे. बारशाचे बहुतेक सोने याच वजनात येते! चांदीचे हॉलमार्क ऐच्छिक आहे. म्हणून ते मागून घ्यावे लागते.

औषधी दुकानदार बंधूंना एक विनंती. तांब्याची कडी संधिवातावरील उपाय म्हणून विकू नयेत. ब्रिटनमधील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आमवातसदृश संधिवाताच्या रुग्णांना अशा कड्यांचा उपशय आढळला नाही. चरकाचार्यांनी रत्नाभरणधारण मंगल व हर्षकारक म्हटले, ते दिनचर्येच्या प्रकरणात. ते व्याधीची चिकित्सा म्हणून नव्हे.

त्वचाविकाराचा रुग्ण येताच चार प्रश्न विचारावेत : दागिना कोणत्या धातूचा, जुना मोडून केला काय, कडी व जोड कशाचे, आणि लक्षणे नेमकी त्याच्या खाली आहेत काय? शंका आल्यास दागिना उतरवून सराफाकडे यंत्रावर तपासून घ्यावा. कडी व जोड वेगळे तपासण्यास सांगावे.

आजीबाईंचे वाळे अहिल्यानगरला तपासले. चांदी चांगली निघाली, कड्यांत निकेल आढळले. आमच्या तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत चांदीचा डाग हीच अडीनडीची पुंजी असते. अशा ठेव्यास "फेकून द्या" म्हणणे वैद्यास शोभत नाही. कड्या चांदीच्या बसवून घेतल्या, आणि बाळाची त्वचा पूर्ण बरी होईपर्यंत वाळे देवघरात राहिले. आठवण जपायची ती शरीरास अपाय न होता, एवढे सांगणे आपले कर्तव्य आहे.